छोट्या विमानांची कसरत-स्पर्धा : नवशिक्यांसाठी कशी घ्यावी?



काही वर्षांपूर्वी आम्ही एका शहरात मॉडेल विमानांची स्पर्धा पाहायला गेलो होतो. सकाळी नऊ वाजता पहिले नाव पुकारले गेले आणि सातवीतला एक मुलगा पुढे आला. विमान त्याने वडिलांच्या मदतीने घरीच बनवले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "अजून खाली, अजून खाली!" असा निवेदकाने हुरूप दिला. मुलाने जमिनीलगत गोल गिरकी घेण्याचा प्रयत्न केला आणि विमान नाकावर आपटले. सव्वानऊ वाजता त्याची स्पर्धा संपली होती. दुपारी बक्षीस समारंभ झाला तेव्हा ते बापलेक केव्हाच घरी गेले होते.

आमच्या मते चूक त्या मुलाची नव्हती, स्पर्धेच्या आखणीची होती. आपल्या इच्छापुरात अशी स्पर्धा व्हावी असे काही विद्यार्थी म्हणू लागले आहेत, म्हणून हा विषय येथे सविस्तर मांडत आहोत. नवशिक्यांची स्पर्धा कशी असावी? आमचे उत्तर एका वाक्यात असे आहे : शेवटच्या क्रमांकावर आलेला मुलगाही पुढच्या वर्षी आनंदाने परत येईल, अशी असावी. पुढचे सारे नियम त्या एका गोष्टीसाठी आहेत.

धाडस नव्हे, नेटकेपणा

हवाई कसरत म्हटले की आपल्याला भारतीय वायुदलाचे १९९६ साली स्थापन झालेले 'सूर्यकिरण' पथक आठवते. त्यांची विमाने पाहून छाती दडपते. पण त्या वैमानिकांचे खरे कौशल्य धाडसात नाही, ठरलेली आकृती ठरलेल्या जागी तंतोतंत काढण्यात आहे. मॉडेल विमानांच्या स्पर्धाही याच तत्त्वावर चालतात. रेडिओने चालवल्या जाणाऱ्या विमानांच्या कसरतींची पहिली जागतिक स्पर्धा १९६० साली स्वित्झर्लंडमध्ये झाली. आज तिचे नियम आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघ ठरवतो.

त्या नियमांत प्रत्येक आकृतीला दहापैकी गुण असतात. परीक्षक दहापासून सुरुवात करतो आणि चूक दिसेल तसे गुण कमी करत जातो. विमानाची दिशा साधारण १५ अंशांनी चुकली की एक गुण गेला, असा ढोबळ हिशेब आहे. १५ अंश म्हणजे किती? घड्याळात बारा आणि एक या आकड्यांमध्ये ३० अंशांचा कोन होतो, त्याच्या निम्मे. हे आठवीच्या मुलालाही डोळ्यांनी ओळखता येते. म्हणूनच आपले शिक्षक आणि पालक थोड्या सरावाने परीक्षक होऊ शकतात.

कसरतींच्या दुसऱ्या एका स्पर्धापद्धतीत खेळाडूंचे पाच वर्ग आहेत : बेसिक, स्पोर्ट्समन, इंटरमीजिएट, ॲडव्हान्स्ड आणि अनलिमिटेड. बेसिक वर्गात विमान खऱ्या कसरती विमानाची प्रतिकृती असलेच पाहिजे अशी अट नसते. जे विमान आहे ते घेऊन या, असा त्याचा अर्थ. मोठ्या स्पर्धा नवशिक्यासाठी दार उघडे ठेवतात, तर शाळेने ते का बंद करावे?

आपल्या देशातही हा छंद नवा नाही. एन.सी.सी.चा वायुसेना विभाग १ एप्रिल १९५० रोजी मुंबई आणि कोलकाता येथे सुरू झाला. त्यात एअरोमॉडेलिंग शिकवले जाते आणि अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धा होतात.

विमान छोटे आणि विजेवरचे का?

येथे थोडे भौतिकशास्त्र पाहू. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमानाचे निम्मे गुणिले वेगाचा वर्ग. २५० ग्रॅमचे विमान सेकंदाला १५ मीटर वेगाने जात असेल तर त्याची ऊर्जा सुमारे २८ ज्यूल भरते. दीड किलोचे विमान सेकंदाला २५ मीटर वेगाने जात असेल तर तीच ऊर्जा सुमारे ४६९ ज्यूल, म्हणजे सोळा-सतरा पट होते. १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने फेकला तर त्यात ३२ ज्यूल ऊर्जा असते. म्हणजे आपले छोटे विमान साधारण क्रिकेटच्या चेंडूएवढे 'लागते'. ते जीवघेणे होण्याची शक्यता कमी, पण डोळ्याला किंवा डोक्याला लागले तर गंभीर इजा होईल. म्हणून विमान छोटे हवे आणि छोटे असले तरी सुरक्षा रेषाही हवीच.

फोमचे छोटे विमान पडले तरी बहुधा टेपने आणि गोंदाने पुन्हा उभे राहते. विजेच्या मोटारीला इंधन लागत नाही, धूर होत नाही, आवाजही कमी. शिवाय आजचे २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ एकमेकांत गुंतत नाहीत. पूर्वी दोघांकडे एकाच फ्रिक्वेन्सीचे क्रिस्टल असले तर एकाने रिमोट चालू करताच दुसऱ्याचे विमान पडत असे.

आकृत्या कोणत्या असाव्यात?

आम्ही दोन पायऱ्या सुचवतो. पहिल्या पायरीत चारच गोष्टी असाव्यात : परीक्षकांसमोरून सरळ उड्डाण, वळून त्याच रेषेवर परत येणे, एक लूप म्हणजे उभी गोल गिरकी, आणि नीट उतरणे. दुसऱ्या पायरीत त्यांच्या जोडीला रोल, म्हणजे सरळ जाता जाता विमानाने पूर्ण कूस पालटणे, आणि स्टॉल टर्न, म्हणजे सरळ वर चढून, थबकून, एका पंखाकडे वळून त्याच रेषेने खाली येणे.

लूप सोपी दिसते, पण ती गोल येत नाही. वर चढताना विमानाचा वेग कमी होतो आणि खाली येताना वाढतो. एलिव्हेटरची काडी सारखीच ओढून धरली तर वरचा भाग लहान आणि आकृती अंड्यासारखी होते. म्हणून चढताना मोटारीला जोर द्यायचा, माथ्यावर एलिव्हेटर थोडा सैल सोडायचा, उतरताना जोर कमी करायचा. हे एकदा हाताला समजले की गुरुत्वाकर्षणाचा धडा वेगळा पाठ करावा लागत नाही.

प्रत्येक आकृतीला तिच्या महत्त्वाप्रमाणे गुणक द्यावा. सरळ उड्डाणाला १, वळून येण्याला १, लूपला ३ आणि उतरण्याला २. एकूण ७० गुण झाले. समजा, एका मुलीला सरळ उड्डाणात ७, वळणात ६, लूपमध्ये ५ आणि उतरण्यात ८ मिळाले. तिची बेरीज ७ + ६ + १५ + १६ = ४४. दुसऱ्या मुलाने लूप सुंदर काढून ८ मिळवले, बाकी गुण तेवढेच, पण उतरताना विमान आपटले आणि तेथे शून्य मिळाले. त्याची बेरीज ७ + ६ + २४ + ० = ३७. विमान सुखरूप परत आणणारी मुलगी पुढे गेली. उतरण्याचा गुणक मुद्दाम मोठा ठेवायचा तो यासाठीच.

आणखी एक नियम आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. आकृती काढताना विमान १५ मीटरच्या, म्हणजे साधारण गावातल्या पाण्याच्या उंच टाकीच्या खाली आले तर त्या आकृतीला शून्य. उतरणे अर्थातच यात धरायचे नाही. "अजून खाली" म्हणण्याची सोयच ठेवू नये.

फेऱ्या तीन घ्याव्यात आणि त्यांतली सर्वांत कमी गुणांची फेरी सोडून द्यावी. म्हणजे एका फेरीत विमान पडले तरी दिवस वाया जात नाही. मैदानाच्या कडेला दुरुस्तीचे टेबल असावे. त्यावर टेप, गोंद, ब्लेड, बांबूच्या काड्या आणि जास्तीचे पंखे ठेवावेत. एक सूचना : झटपट चिकटणारा गोंद साध्या थर्माकोलला विरघळवतो, तेव्हा फोमला चालणाराच गोंद आणावा.

ज्याचे विमान, त्याचेच बक्षीस?

पालकांची एक शंका रास्त आहे : हा पैसेवाल्यांचा खेळ तर नाही? विमान, रेडिओ आणि बॅटरी यांना खर्च येतो हे खरेच. बुऱ्हाणपुरात पॉवरलूमवर जाणाऱ्या किंवा केळीच्या बागेत मजुरी करणाऱ्या पालकाने तो का आणि कसा करावा? म्हणून पहिल्या पायरीसाठी शाळेनेच एकसारखी दोन-तीन विमाने ठेवावीत आणि सर्वांनी तीच उडवावीत. मग विमानाची किंमत मोजली जाणार नाही, हात मोजला जाईल. संगणकावरच्या सिम्युलेटरवर आधी सराव झाला की शाळेची विमानेही कमी मोडतील.

विमान न उडवणाऱ्यांनाही कामे आहेत. मोठ्या स्पर्धांत वैमानिकाशेजारी एक साथीदार उभा राहून पुढची आकृती कोणती ते सांगतो. त्याला आपण 'सूचक' म्हणू. प्रत्येक स्पर्धकाने वर्गातला एक सूचक आणावा. परीक्षकाशेजारी गुण लिहिणारा लेखनिक लागतो, कारण परीक्षकाची नजर विमानावरून हलता कामा नये. बेरजा करणारे, वारा पाहणारे, दुरुस्ती करणारे असे पाहता पाहता सगळा वर्ग मैदानावर येतो.

परीक्षक तीन असावेत. आदल्या दिवशी काठीच्या टोकाला विमान लावून त्यांच्यासमोर आकृत्या फिरवाव्यात आणि तिघांनी गुण देऊन ताडून पाहावेत. प्रत्येक फेरीनंतर गुणपत्रक स्पर्धकाच्या हातात द्यावे. 'लूप माथ्यावर आवळली' एवढी एक ओळ पुढच्या फेरीला उपयोगी पडते. आणि पहिल्या क्रमांकाइतकेच मोठे बक्षीस पहिल्या फेरीपासून तिसऱ्या फेरीपर्यंत सर्वाधिक सुधारणा करणाऱ्याला द्यावे.

जागा, ऋतू आणि सुरक्षा

केळीच्या बागेजवळची जागा नको. विमान आत गेले की शोधताना पाने फाटतात, ठिबकच्या नळ्या तुटतात आणि शेतकऱ्याचे नुकसान होते. कापूस निघालेले मोकळे रान बरे, अर्थात मालकाच्या परवानगीने. इंदूर-इच्छापूर महामार्ग, विजेच्या तारा आणि इच्छादेवीच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांची वाट यांपासून जागा दूर असावी.

डिसेंबर ते फेब्रुवारीतली सकाळ सर्वांत चांगली, कारण ऊन चढले की वारा सुटतो. मात्र संक्रांतीच्या आगेमागे स्पर्धा ठेवू नये. आकाशात मांजा असतो. एप्रिल-मे तर टाळावाच. आपल्याकडच्या उन्हात बॅटऱ्या तापतात आणि बंद गाडीत ठेवलेला फोम वाकडा होतो.

वैमानिकांसाठी चुन्याची एक रेषा आखावी. प्रेक्षक तिच्या किमान १५ मीटर मागे बसावेत. विमान नेहमी रेषेच्या पुढेच उडावे, ते मागे आले की ती फेरी तेथेच थांबवावी. वैमानिकापासून ४० मीटर अंतरावर उडायचे आणि डावी-उजवीकडे व वर ६० अंशांपर्यंतच जायचे असे ठरवले, तर ४० गुणिले १.७३ म्हणजे सुमारे ६९ मीटरची चौकट मिळते. त्रिकोणमितीचा हा उपयोग दहावीच्या मुलांनी स्वतः दोरी लावून पाहावा.

लिथियम पॉलिमर बॅटरी हा सर्वांत जपण्याचा भाग आहे. तिचा एक सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज करू नये आणि ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये. फुगलेली बॅटरी वापरू नये. चार्जिंग मोठ्या माणसाच्या नजरेसमोरच व्हावे आणि शेजारी वाळूची बादली असावी. बॅटरी विमानाला जोडायची ती रेषेवर आल्यावरच. रिमोट आधी चालू करायचा आणि सर्वांत शेवटी बंद करायचा.

कायद्याचेही भान हवे. २५ ऑगस्ट २०२१ पासून लागू झालेल्या ड्रोन नियमांत छंदासाठी, शिक्षणासाठी आणि नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेल विमानांचा विचार झाला आहे आणि २५० ग्रॅमपर्यंतच्या यंत्रांचा 'नॅनो' असा वेगळा गट आहे. हिरव्या क्षेत्रात साधारण १२० मीटरपर्यंत उडता येते, लाल क्षेत्रात परवानगीशिवाय मुळीच नाही. स्पर्धेआधी सरकारी नकाशावर आपली जागा पाहावी, नोंदणीबाबत त्या वेळचा नियम तपासावा आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवावे. हे काम विश्वस्त मंडळाने आपल्याकडे घ्यावे अशी विनंती आहे.

शेवटी एवढेच

पहिल्या वर्षी आठ-दहा स्पर्धक आले तरी पुष्कळ. जमले तर दुसऱ्या वर्षी बुऱ्हाणपूर, रावेर, मुक्ताईनगरच्या शाळांनाही बोलावता येईल. सीमेच्या दोन्ही बाजूंची मुले एका मैदानावर येतील, हाही लाभच. पण बक्षीस समारंभाच्या वेळी मैदानावर नजर टाकून एक गोष्ट मोजावी : सकाळी आलेल्यांपैकी किती मुले अजून येथे आहेत? सगळी असतील, तर आपली स्पर्धा यशस्वी झाली असे खुशाल समजावे.