वाढवण : घरांच्या मधली जागा

पश्चिम रेल्वेच्या वाणगाव स्थानकावर उतरून समुद्राच्या दिशेने निघाले की आधी भाताची खाचरे लागतात, मग मिरचीच्या आणि भाजीच्या वाड्या, आणि ताडामाडांची गर्दी वाढत गेली की खारा वारा अंगाला जाणवतो. दक्षिणेला चिंचणी आणि वरोर, उत्तरेला डहाणूची खाडी. या पट्ट्यात वाढवण हे गाव आहे. 2013 पासून चर्चगेटची लोकल थेट डहाणू रोडपर्यंत येते, त्यामुळे मुंबईहून सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाआधी इथे पोहोचू शकतो. भरतीच्या वेळी आलात तर साधाच किनारा दिसेल. ओहोटीची वेळ साधलीत तर पाणी मागे सरते आणि काळ्या खडकांचे एक मोठे पठार उघडे पडते. शेवंडीची आणि अनेक माशांची पिल्ले वाढतात ती या खडकांच्या आडोशाने. होडी नसलेल्या घरांतल्या बायका इथेच पायी उतरून कालवे, शिंपल्या गोळा करतात. शंखोदर हे श्रद्धेचे ठिकाणही याच समुद्रात आहे.

आज वाढवणचे नाव देशभर ऐकू येते ते बंदरामुळे. जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 76,220 कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि 30 ऑगस्टला पालघरला भूमिपूजन झाले. प्रत्येकी एक हजार मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल, समुद्रात 1,448 हेक्टरचा भराव, दहा किलोमीटरहून लांब लाटारोधक बांध. भागीदारी जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाची 74 टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाची 26 टक्के. या किनाऱ्यावर बंदराचा विचार पहिल्यांदाच होतो आहे असे नाही. 1991 मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला, 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले, आणि न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली याच प्राधिकरणाने 1998 मध्ये वाढवणला बंदर नाकारले. 2023 मध्ये त्याच प्राधिकरणाने अटींसह परवानगी दिली. मच्छीमारांचा विरोध त्यापूर्वीही होता आणि आजही आहे. ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ ही घोषणा इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे.

त्या वादातल्या बाजू मांडणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचे आहे ते त्यामागून येणाऱ्या शहराबद्दल. बंदर समुद्रात भराव घालून होणार, म्हणून गावाची घरे जाणार नाहीत, असे सांगितले जाते. पण बंदरापर्यंत सुमारे 32 किलोमीटरचा महामार्ग आणि सुमारे 12 किलोमीटरचा लोहमार्ग येणार आहे, आणि सरकार ‘चौथ्या मुंबई’ची भाषा उघडपणे करते आहे. रस्ता आला की बिल्डर येतो. तेव्हा या किनाऱ्यावर माणसे कशी राहत आली आहेत, हे आराखडा काढणाऱ्यांनी आधी नीट पाहायला हवे.

मांगेला, भंडारी, वाडवळ, माच्छी, वारली अशा समाजांची ही गावे. घरे लहान, पण घराचे काम घरात मावत नाही आणि मावावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. बोंबील सुकवायला मोकळे खळे लागते, ऊन-वारा खेळणारे. जाळे शिवायला लांब सावली लागते आणि समोर दुसरे टोक धरायला माणूस लागतो. मासळी निवडताना बायका गोल करून बसतात. त्या गोलात लग्ने जमतात, उधारी मिटते, कोणाच्या सुनेला बरे नाही हे कळते. खळे कोणाच्या सातबाऱ्यावर आहे हा प्रश्न वेगळा, वापर मात्र वस्तीचा असतो. ते गेले तर धंदा जातोच, पण शेजारही जातो.

दुसरा धंदा बाहेरच्यांना फारसा माहीत नाही. चिंचणी, वरोर, वाढवण ते डहाणूपर्यंतच्या गावांत घरोघरी डायमेकिंग चालते. पोलादी ठोकळ्यावर दागिन्याची नक्षी उलटी कोरायची. त्या साच्यावर सोन्याचा पत्रा दाबला की बांगडीचे, कानातल्याचे फूल उमटते. सराफ बाजारातली कितीतरी नक्षी या किनाऱ्यावरच्या पडवीत जन्मलेली असते. या कामाला उजेड लागतो, स्थिर बैठक लागते, आणि हात शिकवणारा शेजारी लागतो. पोरगा काकाच्या किंवा शेजारच्या दादाच्या बाजूला बसून शिकतो. पडवी उघडी आहे म्हणून तो तिथे जाऊन बसतो. बंद दाराच्या वन-बीएचकेत ही शाळा भरणार नाही.

पूर्वेला, रेल्वेमार्गाच्या पलीकडे, वारल्यांचे पाडे आहेत. कुडाच्या, शेणामातीने सारवलेल्या घरांपुढचे आवार हेच पाड्याचे सभागृह. तारपा तिथेच वाजतो, पंचही तिथेच बसतात. या अंगणाने देशाला काय दिले हे अनेकांना ठाऊक नसते. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या, आणि 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, हा या दोघींचा प्रयोग. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातही शाळा भरवली. 1975 पासून देशभर पसरलेल्या अंगणवाडीची पाळेमुळे या मातीत आहेत. नवे शहर वसवणाऱ्यांना सार्वजनिक जागेचे धडे घ्यायला लांब जायची गरज नाही.

मोकळ्या जागेचे आणखी एक कारण इथे आहे, आणि ते जिवाशी संबंधित आहे. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरी परिसरात, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. ऐन थंडीत लोक घराबाहेर, तंबूंत झोपले. प्रत्येक घरापुढे अंगण होते म्हणून ते झोपू शकले. वीस मजली इमारतींच्या दाटीत राहणाऱ्यांनी रात्री दोन वाजता कुठे जायचे, याचे उत्तर नकाशात असलेच पाहिजे.

पुनर्वसनाचा अनुभव या भागाला आहे आणि तो कडू आहे. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी शेजारच्या अक्करपट्टी आणि पोफरणची माणसे हलवली गेली. घरे मिळाली, तक्रारी वर्षानुवर्षे उरल्या. उरणचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. जवाहरलाल नेहरू बंदर 1989 मध्ये सुरू झाले. त्यासाठी उठवलेल्या शेवा कोळीवाड्यातील कुटुंबांना हनुमान कोळीवाड्यात वसवले. तिथली घरे वाळवीने पोखरली आणि चार दशकांनंतरही पुन्हा पुनर्वसनाची मागणी चालूच राहिली. तेच बंदर प्राधिकरण आता वाढवणला आले आहे. त्याने हा इतिहास समोर ठेवूनच पुढचे पाऊल टाकावे.

चांगले उदाहरणही लांब नाही, उरणजवळच्या नवी मुंबईत आहे. बेलापूरच्या टेकडीपायथ्याशी चार्ल्स कोरिया यांनी 1980 च्या दशकात सिडकोसाठी आर्टिस्ट व्हिलेज बांधले. सात घरांमध्ये सुमारे आठ मीटर लांबी-रुंदीचा एक चौक. असे तीन गट मिळून एकवीस घरांना बारा मीटरचा चौक. त्यापुढे वीस मीटरचा. आणि मधून वाहणाऱ्या ओढ्याकडे जाणारी सामायिक जागा. घरांच्या भिंती एकमेकांना जोडलेल्या नाहीत, म्हणजे ऐपत वाढेल तसे घर वाढवता येते. आणि तरीही हेक्टरी सुमारे पाचशे माणसे मावतात. जमीन वाचवायची तर टॉवरच हवेत, हा युक्तिवाद इथे टिकत नाही. आज तिथली बरीच मूळ घरे पाडून लोकांनी मोठी बांधली आहेत. काही वास्तुरचनाकारांना त्याचे वाईट वाटते. मला नाही वाटत; घर बदलणे हा राहणाऱ्याचा हक्क आहे, आणि घरे बदलूनही चौक मोडला नाही, यातच त्या आराखड्याचे यश आहे.

आपल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या अभिन्यासात दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. प्रत्यक्षात ती बहुधा कुठल्या तरी कोपऱ्यात, जनरेटरच्या शेजारी येते. नियम पाळला जातो, माणसे भेटत नाहीत. डॅनिश नगररचनाकार यान गेल यांचे निरीक्षण असे की पाचव्या मजल्यापर्यंतचा माणूस खालच्या रस्त्याशी जोडलेला राहतो, त्यावरचा तुटतो. या किनाऱ्यासाठी मी तर तीन-चार मजल्यांवर थांबायला सांगेन. येण्याजाण्याची वाट चौकातूनच जावी, दारापुढे बसता येईल असा ओटा असावा, खळ्याला शेती किंवा रस्त्याइतकेच स्वतंत्र आरक्षण मिळावे, आणि किनाऱ्याकडे जाणाऱ्या जुन्या पायवाटा एकाही कुंपणाने अडू नयेत.

हे मागायला कायद्याचा आधार आहे. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात आणि पेसा कायद्याने भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी विचारविनिमय बंधनकारक आहे. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचनाही मागवाव्या लागतात. म्हणून वाढवण, वरोर आणि आसपासच्या ग्रामसभांना विनंती आहे : मसुद्याची वाट पाहू नका. आपली खळी, विहिरी, देवस्थाने, नाचाची आवारे, होड्या ओढायच्या जागा आणि खडकावर उतरायच्या वाटा आत्ताच मोजून नकाशावर घ्या, ठरावात नोंदवा आणि तो ठराव जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखल करून पोच घ्या.