आवळपट्टीची विश्वासार्हता: ऊन, धूळ आणि बाळगण्याची पद्धत

हातापायाची मोठी रक्तवाहिनी तुटली तर माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. अशा वेळी जखमेच्या वरच्या बाजूला टूर्निकेट, म्हणजे आवळपट्टी, बांधून रक्तस्राव थांबवतात. हे साधन महिनोन्‌महिने पडून असते आणि एकदाच लागते. पण तेव्हा ते चाललेच पाहिजे. म्हणून ते आधी कुठे ठेवले होते, हा अभियंत्याचाही प्रश्न आहे.

रचना आणि ताण

सैनिक वापरतात त्या प्रचलित आवळपट्टीचे मुख्य भाग तीन: वेल्क्रो असलेला पट्टा, पट्टा पिळणारी प्लास्टिकची दांडी आणि दांडी अडकवण्याची खाच. पट्ट्यातील ताण = दाब × त्रिज्या × पट्ट्याची रुंदी. मांडीची त्रिज्या ८ सेंमी, रुंदी ३.८ सेंमी आणि दाब २५० मिमी पारा (सुमारे ३३ किलोपास्कल) धरला, तर ताण सुमारे १०० न्यूटन येतो. म्हणजे १० किलो वजन टांगल्याएवढा.

वातावरणाचा परिणाम

१. अतिनील किरणांमुळे प्लास्टिकमधील रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात. दांडी ठिसूळ होते, पृष्ठभागावर बारीक तडे जातात आणि पिळताना ताण तिथेच एकवटतो.
२. धूळ, चिखल आणि तंतू वेल्क्रोच्या आकड्यांत अडकतात, पकड घटते.
३. सतत घासल्याने पट्ट्याच्या कडा उसवतात.

हे तिन्ही भाग एकसरीत आहेत. एक निकामी झाला की सगळेच निकामी. उदाहरणादाखल प्रत्येकाची विश्वासार्हता ०.९५ धरली, तर एकूण ०.८६ येते, प्रत्येकी ०.८० धरली, तर फक्त ०.५१.

अफगाणिस्तानातील अनुभव

तिथे अनेक सैनिक आवळपट्टी चिलखताच्या बाहेर लावत, कारण ती कोणत्याही हाताने चटकन काढता येई. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी लष्करी अभ्यासात तिथल्या वातावरणात राहिलेल्या आवळपट्ट्या न वापरलेल्यांपेक्षा कमी परिणामकारक ठरल्या आणि जास्त तुटल्या. म्हणजे काही सेकंद वाचवणारी पद्धतच साधन कमकुवत करत होती.

उपाय

- आवळपट्टी झाकणाच्या पिशवीत ठेवा. पिशवी मात्र दोन्ही हात पोहोचतील अशा जागी लावा.
- गाडीत काचेजवळ, उन्हात ठेवू नका.
- सरावाची आवळपट्टी वेगळी ठेवा. वारंवार पिळलेली प्रत्यक्ष वापरासाठी राखू नका.
- ठरावीक काळाने दांडी, वेल्क्रो आणि शिवण तपासा. रंग उडाला, तडा दिसला किंवा शिवण सुटली, तर बदला.

स्वाध्याय: पट्ट्याची रुंदी निम्मी केली तर लागणारा ताण किती? मग अरुंद दोरी का वापरू नये, याचे कारण शोधा.