चंद्रावर एक फोटो

बालदिनाला सहावीच्या मुलांसाठी फोटो बूथ उभारायचं काम यंदा आमच्या हाऊसकडे आलं. पंचेचाळीस मुलं, घर सोडून जेमतेम चार महिने झालेली. प्रत्येकाचा फोटो घरी पाठवायचा होता.

विषय ठरला चंद्रयान-३. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाय देखावा स्वस्तात होतो. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे तिथलं आकाश दिवसाही काळंच दिसतं. आम्ही रंगमंचाचा जुना काळा पडदा व्हरांड्याच्या दोन खांबांना दोरीने ताणून बांधला. खाली चुरगाळलेली वर्तमानपत्रं पसरून वर करडी चादर टाकली, की झाली चंद्राची जमीन! मेसमधल्या रिकाम्या खोक्यांना सोनेरी कागद लावून लँडर केला. चांदण्या मात्र मुद्दाम लावल्या नाहीत. उन्हात चंद्राची जमीन इतकी उजळ असते, की तिच्यासाठी जुळवलेल्या कॅमेऱ्यात मंद तारे उमटतच नाहीत.

आदल्या दिवशी तिघा मुलांना उभं करून चाचणी घेतली, म्हणून वाचलो. पडदा काळा असल्यामुळे कॅमेऱ्याला वाटलं अंधार आहे. त्याने उजेड वाढवला आणि चेहरे पांढरेफटक आले. यावर उपाय सोपा आहे: स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट ठेवायचं, म्हणजे कॅमेरा चेहऱ्याप्रमाणे उजेड ठरवतो. दुसरी चूक आमच्या उंचीची. उभं राहून फोटो काढला की लहान मुलं आणखीच बुटकी दिसतात. गुडघ्यावर बसून कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत आणला.

तिसरी चूक एका मुलाने दाखवली. पुठ्ठ्याचं हेल्मेट आम्ही दोन दिवस खपून केलं होतं. ते घालून फोटो काढल्यावर त्याने स्क्रीनकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "दादा, यात आईला मी दिसेन का?"

कोणी काही बोललं नाही. खरंच, फोटोत हेल्मेट होतं, मुलगा नव्हता. मग हेल्मेट डोक्यावर न घालता काखेत धरायचं ठरलं.

फोटोंची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक फोटोआधी त्या मुलाच्या रोल नंबरची पाटी टिपली. नऊ-नऊच्या तुकड्या केल्यामुळे रांगही रेंगाळली नाही. तासाभरात सगळे चंद्रावर जाऊन आले.

रविवारी घरी फोन करून झाल्यावर तो मुलगा पळत आला. मी विचारलं, "आईला चंद्र आवडला का?"

"चंद्राचं काही बोललीच नाही, दादा. म्हणाली, केस फारच बारीक कापलेत, आणि गाल जरा भरलेत."

बूथ जमला होता.