बारोलोचे तांबडे मद्य व नावाची पत

बाजारात माल थोडा आला म्हणजे भाव चढतो, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. परंतु आपण होऊन आपल्या बागेत माल थोडा धरावा, ही गोष्ट सहसा कोणास रुचत नाही. इटली देशाच्या वायव्येस पिडमाँट प्रांतात बारोलो नावाचे एक लहान गाव आहे. त्या गावाच्या नावाने विकले जाणारे तांबडे मद्य जगातील उंची मद्यांत गणले जाते, व त्याची पत बऱ्याच अंशी याच संयमावर उभी आहे. मद्यपानाच्या बऱ्यावाईटाचा विचार येथे कर्तव्य नाही. बागाइतदाराने त्यातून काय घ्यावे, एवढेच आम्ही पाहणार आहो.

आल्बा शहराच्या नैर्ऋत्येस लांगे नावाच्या टेकड्या आहेत. तेथील अकरा गावांच्या हद्दीतच, व तीही डोंगरउतारावर, या मद्याची द्राक्षे होतात. जमीन चुनखडीमिश्रित चिकण आहे. द्राक्षाची जात एकच, नेब्बिओलो. इटालियन भाषेत ‘नेब्बिया’ म्हणजे धुके. काढणीच्या दिवसांत तेथे दाट धुके पडते, त्यावरून हे नाव पडले असे बहुतेक मानतात.

ही जात मोठी हट्टी. ती इतरांच्या आधी फुटते व सर्वांच्या मागून, म्हणजे ऑक्टोबरात, पिकते. त्यामुळे वसंतातील हिमाचे व शरदातील पावसाचे अशी दोन्ही भये तिला असतात. म्हणून भरपूर ऊन लागणारा दक्षिणेकडचा उतार तिला देतात. सखल व पाणथळ जमीन तर कायद्यानेच वर्ज्य आहे. काडीच्या बुडाकडील डोळ्यांस घड येत नसल्याने छाटणीत काडी लांब ठेवावी लागते. शिवाय अनेक बागाइतदार उन्हाळ्यात हिरवे घडही उतरवितात, म्हणजे राहिलेल्यांत रस व गोडी उतरते.

कायद्याप्रमाणे हेक्टरी 8 टनांहून, म्हणजे एकरी सुमारे सव्वातीन टनांहून, अधिक द्राक्षे या नावाखाली घेता येत नाहीत. रस तुरट व आंबटसर असल्याने मद्य निदान 38 महिने मुरवावे लागते, त्यांपैकी 18 महिने लाकडी पिंपात. ‘रिझेर्वा’ या वरच्या प्रतीस 62 महिने लागतात. नावाचे रक्षण करण्यासाठी उत्पादकांनी 1934 साली संघ स्थापिला, आणि 1980 साली सरकारने या मद्यास हमीच्या सर्वोच्च वर्गात घेतले.

परंतु नाव मोठे झाले म्हणून शेतकरी मोठा झाला, असे मात्र नव्हे. पूर्वी लहान शेतकरी पिकलेली द्राक्षे आल्बाच्या बाजारात नेत. माल नाशवंत, तो परत घरी नेऊन करावयाचे काय? दिवस कलला की व्यापारी सांगेल तो भाव पत्करावा लागे. तेव्हा 1958 साली कास्तिल्योने फालेत्तो गावचे नगराध्यक्ष व शिक्षक आर्नाल्दो रिवेरा यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी ‘तेर्रे देल बारोलो’ ही सहकारी संस्था काढली. द्राक्षे एकत्र करून मद्य स्वतःच तयार करावयाचे, हा तिचा उद्देश. ही संस्था आजही चालू आहे.

पत मिळविण्यास पिढ्या लागतात, घालविण्यास एक हंगाम पुरतो. 1986 साली इटलीत काही लोकांनी हलक्या मद्यात मिथेनॉल हे विष मिसळले व अनेक माणसे दगावली. त्यात बारोलोचा दोष नव्हता, तरी साऱ्या इटलीच्या मद्याची परदेशातील विक्री एकदम घसरली. एकाच्या लबाडीचे प्रायश्चित्त सर्वांस घ्यावे लागते, ते असे.

आपल्याकडे ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावासही भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. मानांकन हे केवळ कुंपण होय. आतील पीक आपणच राखावयाचे असते. कोणत्या उतारावर कोणती जात लावावी, वेलीवर किती घड ठेवावेत व कमी प्रतीच्या मालास आपले नाव लावू द्यावे की नाही, हे बागाइतदारांनी एकत्र बसून ठरविले व ते पाळले, तरच त्या नावाचा पैसा आपल्या घरी येईल. नाहीतर नाव गावाचे आणि नफा दुसऱ्याचा, हाच अनुभव पुन्हा येईल.