कोकमाच्या कॅप्सूलने वजन उतरतं का?

परवा डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी मला जिन्यातच गाठलं. हातात एक डबी. "अगं, तू पीएचडी करतेस ना? बघ जरा. 'गार्सिनिया' लिहिलंय. नैसर्गिक आहे म्हणे, मग घ्यायला काय हरकत?" काकूंना मधुमेह आहे, रोज मेटफॉर्मिन चालू आहे. त्यामुळे उत्तर जरा जपूनच द्यावं लागलं. तेच इथे लिहिते.

गार्सिनिया म्हणजे आपल्या कोकमाचं कुळ. कोकम म्हणजे गार्सिनिया इंडिका. कॅप्सूलमध्ये बहुधा त्याचा केरळी भाऊ असतो, माशाच्या कालवणात घालतात ती कुडमपुळी. दोघांच्याही सालीत हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असतं, थोडक्यात एचसीए.

आता हे करतं काय? जास्तीच्या पिष्टमय अन्नापासून चरबी बनवताना पेशी सायट्रेट तोडून चरबीची 'वीट' तयार करते. हे तोडकाम एटीपी सायट्रेट लायेझ नावाचं एन्झाइम करतं. एचसीए दिसायला सायट्रेटसारखंच, म्हणून ते एन्झाइममध्ये जाऊन अडकतं आणि काम थांबतं. 1970च्या आसपास हे प्रयोगशाळेत दिसलं, उंदरांमध्येही चरबी बनणं कमी झालं.

मग माणसात? 1998 साली अमेरिकेत 135 जाड व्यक्तींवर 12 आठवडे चाचणी झाली. अर्ध्यांना रोज 1500 मिलिग्रॅम एचसीए, बाकीच्यांना नुसती दिखाऊ गोळी. आहार दोघांनाही सारखाच, कमी कॅलरीचा. एचसीए गटाचं वजन सरासरी 3.2 किलोने उतरलं, दिखाऊ गोळीवाल्यांचं 4.1 किलोने! हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य, म्हणजे कॅप्सूलचा फायदा दिसलाच नाही. वजन उतरलं ते आहारामुळे.

असं का? एक कारण सोपं आहे. आपल्या अंगावरची बरीचशी चरबी खाल्लेल्या तेला-तुपातूनच येते. पिष्टापासून नवी चरबी बनण्याचं प्रमाण माणसात एरवी कमीच. म्हणजे जो दरवाजा आपण बंद केला, तिथून फारशी ये-जा नव्हतीच.

शिवाय गार्सिनियाच्या कॅप्सूल घेणाऱ्या काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. त्या क्वचित, पण गंभीर आहेत.

मग वनस्पती निरुपयोगी का? मुळीच नाही. काकूंच्या मेटफॉर्मिनचं मूळसुद्धा गॅलेगा नावाच्या एका युरोपीय वनस्पतीत आहे. तिच्यातलं मूळ रसायन विषारी निघालं. त्याच्या जातीतलं सौम्य मेटफॉर्मिन 1922 मध्ये प्रयोगशाळेत बनलं आणि मधुमेहावर वापरात आलं 1957 मध्ये. झाड ते गोळी या वाटेवर मधली तपासणी महत्त्वाची.

काकूंना म्हटलं, "सोलकढी खुशाल प्या. डबी मात्र आधी डॉक्टरांना दाखवा. आणि मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नका."

डबी अजून फोडलेली नाही, असं कळलं.