काडाचा थर आणि हवेचा दाब
लेखांक ७ : धिंगरीच्या पिशव्या भरणाऱ्या यंत्राची रचना

मागील लेखांकात गव्हाचे काड रात्रभर भिजवून आणि नंतर ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवून ते लागवडीयोग्य कसे केले जाते, याचा विचार झाला. पाणी निथळून काड थंड झाले की पुढची पायरी येते ती पिशव्या भरण्याची, म्हणजे उत्पादकांच्या बोलीत 'बेड भरण्याची'. धिंगरी अळिंबीच्या लागवडीत सर्वाधिक मनुष्यबळ खाणारे काम हेच असून, उत्पादन किती आणि कसे येईल हेही बऱ्याच अंशी येथेच ठरते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत १९६२ च्या सुमारास भाताच्या पेंढ्यावर धिंगरी वाढवण्याची पद्धत बसवण्यात आली. पुढे १९८३ मध्ये सोलन येथे अळिंबीसाठी स्वतंत्र राष्ट्रीय संशोधन केंद्र उभे राहिले आणि अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाचे एक केंद्र पुण्याच्या कृषी महाविद्यालयात आले. या साऱ्या काळात वाण बदलले, बियाणे सुधारले, उबवणीच्या खोल्या सुधारल्या. लहान उत्पादकाच्या शेडमध्ये पिशवी मात्र आजही बहुधा हातानेच भरली जाते.

हाताने भरण्याची रीत साधी आहे. पिशवीच्या तळाशी काडाचा थर घालायचा, तो तळहाताने किंवा मुठीने दाबायचा, त्यावर कडेकडेने बियाणे, म्हणजे गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेली बुरशी, पसरायचे आणि पुन्हा काडाचा थर द्यायचा. या रीतीचा दोष तिच्या संथपणात जेवढा आहे त्यापेक्षा अधिक तिच्या असमानतेत आहे, कारण सकाळी ताज्या हाताने दाबलेली पिशवी आणि दुपारी थकलेल्या हाताने दाबलेली पिशवी यांत काडाचा घट्टपणा सारखा राहत नाही. पिशवी सैल राहिली तर काडाकाडांमध्ये पोकळ्या राहतात, बुरशीच्या तंतूंना त्या ओलांडून जाण्यास वेळ लागतो आणि प्लॅस्टिकच्या आतून पाण्याचे थेंब साचतात. उलट ती फार आवळली गेली तर आत हवा खेळत नाही, वाढीच्या काळात निर्माण होणारी उष्णता बाहेर पडत नाही आणि मधला भाग आंबून पिवळा पडतो. म्हणून भरणी यंत्राकडून पहिली अपेक्षा वेगाची नसून समान घट्टपणाची असली पाहिजे आणि रचनेतील बाकीचे सर्व निर्णय या एका अपेक्षेवरून घेतले पाहिजेत.

लाकडाच्या भुशाच्या पिशव्या भरण्यासाठी मळसूत्राचे, म्हणजे फिरत्या स्क्रूने माल पुढे ढकलणारे, यंत्र सर्रास वापरले जाते. भुसा कणीदार असल्यामुळे त्याला ते मानवते. काडाचे तसे नाही. तीन ते पाच सेंटिमीटर लांबीची ओली कुट्टी मळसूत्राच्या दांड्याभोवती गुंडाळली जाते, आणि वरच्या नरसाळ्यात तिचे तुकडे एकमेकांत अडकून कमान धरतात, त्यामुळे खाली पोकळी आणि वर ढीग अशी अवस्था होते. दुसरा पर्याय मोटर आणि भुजेच्या साहाय्याने वरखाली होणाऱ्या दट्ट्याचा. हा दट्ट्या प्रत्येक वेळी ठरलेले अंतरच खाली येतो. काड थोडे जास्त पडले तर तो ते निष्ठुरपणे चेपतो आणि कमी पडले तर नुसता स्पर्श करून परततो. म्हणजे अंतर समान राहते, घट्टपणा नाही.

हवेच्या दाबावर चालणाऱ्या सिलिंडरचे वैशिष्ट्य याच्या नेमके उलट आहे. त्याचा दट्ट्या अंतराने नव्हे, तर बलाने बांधलेला असतो. खालच्या काडाचा प्रतिकार आणि वरच्या हवेचे बल समान झाले की तो आपोआप थांबतो, मग काड एक मूठ जास्त असो वा कमी. हवा दाबली जाऊ शकते हा तिचा गुण अचूक स्थान साधायचे असेल तेथे उणेपणा ठरतो, पण काड दाबताना तोच उपयोगी पडतो. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रातही बल मर्यादित ठेवता येते हे खरे; तथापि जेथे बियाणे उघडे असते त्या जागी तेलाची एक गळती पूर्ण दिवसाचा माल नासवू शकते.

आता प्रत्यक्ष मापे घेऊ. बाजारात मिळणारी ३५ × ५५ सेंटिमीटरची पिशवी सपाट ठेवली असता ३५ सेंटिमीटर रुंद दिसते, परंतु भरल्यावर तिचा घेर ७० सेंटिमीटर, म्हणजे व्यास सुमारे २२.३ सेंटिमीटर होतो. तीत चार किलो ओले काड ४० सेंटिमीटर उंचीपर्यंत बसवायचे आणि उरलेली लांबी तोंड बांधण्यास ठेवायची, असे धरू. दाब देणाऱ्या तबकडीचा व्यास २० सेंटिमीटर आणि सिलिंडरचा आतील व्यास ६३ मिलिमीटर घेतला, तर सिलिंडरचे क्षेत्रफळ तबकडीच्या क्षेत्रफळाच्या जवळजवळ दहाव्या हिश्श्याइतके येते. त्यामुळे सिलिंडरमध्ये ४ बार दाब सोडला की काडावर प्रत्यक्षात ०.४ बार, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४०० ग्रॅम, एवढाच दाब पडतो. बार हे हवेच्या दाबाचे एकक असून समुद्रसपाटीवरील वातावरणाचा दाब जवळपास एक बार असतो. दाबमापकावरचा काटा ४ दाखवतो म्हणून काडही ४ बारने दाबले जाते, हा समज रचनाकाराने सुरुवातीलाच सोडून द्यावा लागतो. दाबनियंत्रकाची चकती फिरवून काडावरील दाब बदलता येतो आणि गव्हाचे काड, भाताचा पेंढा किंवा सोयाबीनचे कुटार यांपैकी काय वापरले आहे त्यानुसार तो बदलावाही लागतो, कारण प्रत्येकाची उसळी वेगळी असते.

उसळी म्हणजे दाब काढताच काडाचे पुन्हा फुगणे. तबकडी खाली टेकताच लगेच वर उचलली तर काड बऱ्याच अंशी परत वर येते. तोच दाब दोन-तीन सेकंद धरून ठेवला तर तंतू एकमेकांत सरकून बसतात आणि उसळी कमी होते. म्हणून झडपेच्या क्रमात हा थांबा मुद्दाम घालावा लागतो.

परंतु सर्व काड एकदम ओतून वरून एकदाच दाबले तर कसलाही थांबा पुरत नाही. १८९५ मध्ये जर्मन अभियंता एच. ए. यान्सेन याने धान्याच्या कोठारांवर प्रयोग करून दाखवले, की उभ्या भिंतींच्या कोठारात धान्याचे वजन मोठ्या प्रमाणात भिंतींच्या घर्षणावर पेलले जाते आणि तळावरचा दाब उंचीच्या प्रमाणात वाढत नाही. पिशवीभोवती बसवायच्या साच्यातील काडालाही हेच लागू पडते. वरून दिलेले बल खाली जाता जाता साच्याच्या भिंतीवर खर्ची पडते. वरचा भाग घट्ट होतो आणि तळ सैल राहतो. यावर उपाय एकच, तो म्हणजे थोडे थोडे काड घेऊन प्रत्येक थर स्वतंत्र दाबणे. बियाणे पसरण्याच्या सोयीसाठी पिढीजात चालत आलेली थर पद्धत यंत्रशास्त्राच्या दृष्टीनेही योग्य निघते, ही गोष्ट या रचनेत फार मोलाची आहे. चार किलोच्या पिशवीत एकेक किलोचे चार थर, वजनाच्या २ टक्के या प्रमाणात एकूण ८० ग्रॅम बियाणे, म्हणजे प्रत्येक थराला २० ग्रॅम, आणि तबकडीचे चार फेरे असे गणित त्यामुळे सरळ जुळते. यंत्राने येथे हाताची रीत बदललेली नाही. फक्त तिच्यातला दाब पक्का केला आहे.

पिशवी हा या रचनेतील सर्वांत नाजूक घटक आहे. १५० गेजची पिशवी सुमारे ३८ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाइतकी, जाड असते. वरून ०.४ बार दाब दिला आणि त्याचा केवळ तिसरा भाग बाजूला ढकलला गेला असे धरले, तरी पिशवीच्या प्लॅस्टिकवर दर चौरस मिलिमीटरला सुमारे ३९ न्यूटन ताण येतो. साध्या पॉलिथिनची सहनशक्ती १० ते २० न्यूटनच्या आसपास असते. याचा अर्थ असा, की आधार नसलेली पिशवी या दाबाखाली फाटणारच. म्हणून पिशवीच्या बाहेरून, बिजागरीवर उघडणारा दोन अर्धगोल भागांचा स्टेनलेस स्टीलचा साचा लागतो, आणि त्याचा आतील व्यास पिशवीच्या व्यासापेक्षा थोडा कमी, समजा २१.५ सेंटिमीटर, ठेवावा लागतो. मग दाबाच्या वेळी ताण साच्यावर जातो, पिशवी केवळ अस्तरासारखी राहते आणि साचा उघडल्यावर काड किंचित फुगून पिशवी घट्ट भरते. तबकडीला लहान भोके पाडणे अगत्याचे आहे, कारण काडातली हवा आणि क्वचित निघणारे पाणी वर यायला वाट मिळाली नाही तर काड दाबलेच जात नाही, आणि परत वर जाताना तबकडी थर स्वतःबरोबर ओढून नेते. तबकडीची कड गोल घासलेली असावी. धारदार कडेने पिशवी चिरली जाते.

हवेचा खर्च मोजणे आवश्यक आहे. ६३ मिलिमीटर व्यासाच्या आणि ५०० मिलिमीटर धावेच्या सिलिंडरला ४ बारवर एका पूर्ण फेऱ्यासाठी बाहेरची सुमारे १५ लिटर हवा लागते. चार थरांच्या पिशवीला ६० लिटर, आणि मिनिटाला दोन पिशव्या भरल्या तर १२० लिटर. जोडांमधील गळती गृहीत धरली तरी दोन अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर साधारणपणे पुरतो. तबकडी वर नेण्याला फार बल लागत नसल्याने त्या दिशेला वेगळा नियंत्रक लावून दाब २ बारवर आणला, तर १५ लिटरचा खर्च १२ वर येतो. वीज गेली तरी टाकीतील हवा कामी येते: २०० लिटरची टाकी ८ बारवरून ४ बारपर्यंत उतरेस्तोवर तेरा-चौदा पिशव्या भरून होतात, म्हणजे भिजवून बाहेर काढलेले काड काही वेळ तरी उघडे पडून राहत नाही.

याच साठलेल्या हवेचा धोका मात्र विसरता येत नाही. ४ बारवरही तबकडीमागे सव्वाशे किलोंहून अधिक बल असते आणि तिच्याखाली बियाणे पसरणारा हात वारंवार जाणार असतो. ग्रामीण भागात हे काम बहुतेक ठिकाणी महिलांकडे, अनेकदा बचत गटांकडे असते, आणि त्यांच्या बोटांची किंमत यंत्राच्या वेगापेक्षा कितीतरी जास्त आहे. त्यामुळे तबकडी खाली आणण्यासाठी एकमेकांपासून दूर बसवलेली दोन बटणे दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबावी लागतील अशीच जोडणी असावी. एक बटण चिकटपट्टीने कायमचे दाबून ठेवून काम भागवता येऊ नये, यासाठी दोन्ही बटणे अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली गेली तरच हवा सोडणारी झडप वापरावी. मुख्य झडप बंद करताच सिलिंडरमधील हवा निघून जावी, आणि त्या वेळी उभी तबकडी स्वतःच्या वजनाने खाली येऊ नये म्हणून तिला यांत्रिक अडसर असावा. ही खर्चाची बाब म्हणून गाळली जाते ते चूक आहे.

हवेच्या स्वच्छतेकडेही असेच दुर्लक्ष होते. दबलेल्या हवेत पाणी असते, पावसाळ्यात कोकणात तर फारच, आणि कॉम्प्रेसरच्या तेलाचे सूक्ष्म तुषारही असतात. प्रत्येक फेऱ्याला झडपेतून बाहेर पडणारी ही हवा जर उघड्या बियाण्यावर किंवा जमिनीवरील धुळीवर आदळली, तर हिरव्या बुरशीचे बीजाणू उडून पुढच्या पिशव्यांत जाण्यास यंत्रच कारण होते. म्हणून झडपेचे बाहेर जाणारे तोंड मोकळे न ठेवता त्याला नळी जोडून ती भिंतीबाहेर न्यावी, पाणी अडवणारी गाळणी रोज संध्याकाळी रिकामी करावी, आणि कारखान्यातूनच वंगण भरून येणारा सिलिंडर निवडून हवेत तेल सोडणारे उपकरण टाळावे.

यंत्र तयार झाल्यावर त्याची परीक्षा शेडमध्येच घ्यावी. काडाचा ओलावा प्रथम मुठीने पाहावा. मूठ घट्ट आवळल्यावर पाणी थेंबाथेंबाने गळू नये, पण तळहात ओला व्हावा. त्यानंतर सकाळच्या पहिल्या दहा आणि दुपारच्या शेवटच्या दहा पिशव्यांचे वजन व उंची नोंदवावी. वजन सारखे असून उंची वेगळी आली तर दाब टिकत नाही, आणि त्याचे कारण बहुधा अरुंद नळीत किंवा रिकाम्या होत गेलेल्या टाकीत सापडते. पंधराव्या ते अठराव्या दिवशी, तंतूंची वाढ पूर्ण होण्याच्या सुमारास, यांपैकी एक पिशवी वरपासून खालपर्यंत उभी चिरून पाहावी. खालचा भाग ओला, पिवळसर आणि आंबूस वासाचा निघाला तर सिलिंडरमधील दाब अर्ध्या बारने कमी करावा किंवा काड अधिक निथळू द्यावे. दोन थरांच्या मध्ये पोकळीची आडवी रेघ आणि तिच्या काठाने साचलेले पाणी दिसले, तर दाब न वाढवता आधी थांब्याचा वेळ एका सेकंदाने वाढवून दुसरी पिशवी चिरावी.