आधी फायली, मग लिनक्स

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा मोफत आधार संपला. त्या दिवशी कुणाचा संगणक बंद पडला नाही, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या यायच्या थांबल्या. विंडोज ११वर जावं तर टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. ही आठवी पिढी बाजारात आली २०१७मध्ये. म्हणजे २०१६ साली हौसेने घेतलेला आय-फाइव्ह लॅपटॉप, ज्यात नंतर एसएसडी बसवून घेतली आणि रॅम ८ जीबी केली, तो मायक्रोसॉफ्टच्या हिशेबात बाद. दुरुस्तीच्या दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "आता नवीनच घ्या साहेब, यात काही राम नाही."

राम असतो. लिनक्स मिंटसारख्या प्रणालीला किमान २ जीबी रॅम लागते आणि ४ असली तर बरं, एवढीच तिची अट. मिंटची २२वी आवृत्ती उबुंटू २४.०४वर बेतलेली आहे आणि तिला २०२९पर्यंत अद्यतनं मिळणार आहेत. पैसे शून्य. खाली डावीकडे मेन्यू, उजवीकडे घड्याळ, मध्ये उघडलेल्या खिडक्या. विंडोज वापरणाऱ्याला पहिल्या तासाभरात अडतं ते फक्त एवढंच की 'डी ड्राइव्ह' सापडत नाही.

लिनक्सची जन्मकथा इतक्यांदा सांगून झाली आहे की इथे दोन ओळी पुरेत. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने ऑगस्ट १९९१मध्ये आपण लिहीत असलेल्या प्रणालीची घोषणा केली. त्याने लिहिला तो गाभा, म्हणजे कर्नल. बाकीची बरीचशी अवजारं रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून आली. आज अँड्रॉइड फोन याच गाभ्यावर चालतात आणि जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांवर २०१७पासून दुसरं काही नाही. घरातल्या टेबलावर मात्र लिनक्स अजून पाहुणाच आहे. त्याचं कारण लिनक्सपेक्षा आपल्या फायलींमध्ये जास्त आहे, असं माझं मत आहे.

जर्मनीतल्या म्युनिक शहराचं उदाहरण घ्या. नगरपालिकेने २००३मध्ये विंडोज सोडायचं ठरवलं. मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर बर्फातली सुट्टी अर्धवट टाकून महापौरांना भेटायला आले, तरी निर्णय बदलला नाही. सुमारे १५ हजार संगणक हलवायला २०१३ साल उजाडलं. दहा वर्षं गेली ती नवी प्रणाली बसवण्यात नव्हे. प्रत्येक खात्याने वर्डमध्ये स्वतःचे साचे आणि मॅक्रो करून ठेवले होते, त्यांचं करायचं काय हा खरा गुंता होता. त्यासाठी 'वोलमक्स' नावाचं वेगळं सॉफ्टवेअर लिहावं लागलं. २०१७मध्ये नव्या राजकीय समीकरणात म्युनिकने परत विंडोजकडे जायचं ठरवलं. श्लेसविग-होल्स्टाइन या जर्मन राज्याने बहुधा यातूनच धडा घेतला असावा. त्यांनी २०२४मध्ये ३० हजार संगणकांसाठी आधी लिबरऑफिस जाहीर केलं, लिनक्स त्यानंतर.

आपल्याकडे केरळने हे काम शाळांमधून केलं. तिथल्या सरकारी आणि अनुदानित शाळांतले दोन लाखांवर संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात. 'काइट' ही राज्याची संस्था उबुंटूवर बेतलेली स्वतःची आवृत्ती काढते, आणि मुख्य म्हणजे पाठ्यपुस्तकं आणि शिक्षकांचं प्रशिक्षण तिला धरूनच होतं. मुलांच्या जुन्या फायली नव्हत्या, जुन्या सवयीही नव्हत्या. महाराष्ट्रात मात्र एमएस-सीआयटीच्या पिढ्यांनी संगणक म्हणजे विंडोज आणि टायपिंग म्हणजे वर्ड असंच गृहीत धरलं.

मराठी माणसाचा गुंता म्युनिकच्या मॅक्रोंहून वेगळा आहे. तो फॉन्टचा आहे. १९९०च्या दशकापासून छापखाने, सरकारी कार्यालयं, वकिलांचे टायपिस्ट यांनी जे काही मराठीत लिहिलं ते श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, सी-डॅकचं आयएसएम यांतल्या कुठल्या तरी फॉन्टमध्ये. या फायलींत मराठी अक्षरं नसतातच. कृतिदेवमध्ये लिहिलेला 'मराठी' हा शब्द संगणकाच्या लेखी ई, जे, के, मोठा बी आणि एच अशी पाच रोमन अक्षरं आहेत. फॉन्ट त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवतो. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की मुखवटा गळतो. दोष लिनक्सला मिळतो. खरं तर असे फॉन्ट लिनक्सवरही बसवता येतात आणि फाइल वाचता येते. फक्त तिच्यात मराठी शब्द शोधता येत नाही, आणि तसा तो विंडोजवरही शोधता येत नव्हताच.

म्हणून विंडोज चालू असतानाच या फायली युनिकोडमध्ये आणाव्यात. रूपांतर करणारी साधनं बरीच आहेत, पण कुठल्याही साधनावर डोळे मिटून विश्वास टाकू नये. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात: पहिली वेलांटी आधी, व्यंजन नंतर, 'धर्म'मध्ये ध, मग म आणि सगळ्यात शेवटी रफार. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा: र, हलन्त, म. 'धर्म' सहसा नीट उतरतो. 'कार्यकर्त्यांनी' मात्र बघावा. तिथला दुसरा रफार जोडाक्षर, काना आणि अनुस्वार ओलांडून मागे न्यावा लागतो, आणि साधन नेमकं तिथेच घसरतं. वेलांटी चुकली तर ती ठिपक्यांच्या गोलावर एकटीच बसलेली दिसते, म्हणून लगेच सापडते. रफार भलत्या अक्षरावर गेला तर शब्द वरवर बरा दिसतो आणि मुद्रितशोधकाच्याही नजरेतून सुटतो. 'दऱ्या', 'सुऱ्या' यांतला ऱ्य आणि 'ॲ' ही आणखी दोन ठिकाणं. 'ॲ'ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८मध्ये मिळाली. त्याआधीच्या मजकुरात तो 'अ'वर चंद्र ठेवून किंवा हिंदीचा 'ऍ' वापरून लिहिलेला असतो, आणि 'ॲड.' असं शोधलं की निम्मे वकील हाती लागत नाहीत.

एकदा मजकूर युनिकोडमध्ये आला की लिनक्सवर मराठीची परवड होत नाही. उलट काही बाबतींत चंगळ आहे. रेड हॅटच्या पुण्यातल्या भाषा-गटाने वर्षानुवर्षं सांभाळलेले लोहित फॉन्ट, गूगलचा नोटो, मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेले 'मुक्त' आणि 'बलू' हे सगळे मोफत आणि खुल्या परवान्याचे आहेत. लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी निवडली की नोटोसारख्या फॉन्टमध्ये ल आणि श आपोआप मराठी वळणाचे होतात. ही सोय पुष्कळांना ठाऊकच नसते, आणि मग मराठी पत्रिकेत हिंदी ल फिरत राहतो. टायपिंगला इनस्क्रिप्ट आहेच. रोमनमधून लिहिणाऱ्यांसाठी आयबस आणि एम१७एन यांच्या जोडीत मिंग्लिश आणि गमभन या पद्धतीही मिळतात. पेजमेकरवर हात बसलेल्यांनी स्क्रायबस पाहावं. जोडाक्षरं नीट जुळवणारी त्याची १.६ ही स्थिर आवृत्ती २०२४मध्ये आली. मात्र पेजमेकरचा वेग त्यात लगेच येईल अशी आशा धरू नये.

प्रत्यक्ष बसवणं हा यातला सोपा भाग. आयएसओ फाइल उतरवायची, ती पेनड्राइव्हवर चढवायची, संगणक त्यावरून सुरू करायचा आणि काहीही न बसवता दिवसभर वापरून बघायचं. वायफाय, आवाज, ब्लूटूथ, लॅपटॉप झोपवून उठवणं, एवढं तपासलं की बरंचसं कळतं. विंडोज शेजारी ठेवायची असेल तर दोन गोष्टी आधी कराव्यात. बिटलॉकर चालू असेल तर त्याची किल्ली कागदावर उतरवून घ्यावी. आणि 'फास्ट स्टार्टअप' बंद करावं. ते चालू असलं तर विंडोज खरी बंद होतच नाही, अर्धवट झोपते, आणि लिनक्समधून विंडोजचा ड्राइव्ह नुसता वाचता येतो, त्यात काही लिहिता येत नाही. पुढे कधी विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरायचं कारण नाही. लिनक्स संगणकाच्या आतल्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतो आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजते. एका सेटिंगने हे मिटतं.

प्रिंटरचं तसं नाही. एचपीच्या बहुतेक प्रिंटरना लिनक्स ओळखतो. पण झेरॉक्सच्या दुकानांत आणि वकिलांच्या टेबलांवर हमखास दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० 'कॅप्ट' नावाची स्वतःची बोली बोलतो. त्याचा लिनक्स ड्रायव्हर जुना आहे, आणि तो चालवायला खटपट करावी लागते. नवा प्रिंटर घ्यायचाच असेल तर ड्रायव्हरशिवाय छापणारा घ्यावा, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही.

टॅलीवर ज्यांचा धंदा चालतो त्यांना माझा सल्ला स्पष्ट आहे: तो संगणक हलवू नका. टॅली विंडोजसाठीच बनलेलं आहे, आणि विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या 'वाइन'मधून ते चालवण्याची कसरत मार्चअखेरीस परवडणारी नाही. टेंडर भरणाऱ्यांच्या डिजिटल सहीच्या टोकनचंही तेच. काही टोकनांचे लिनक्स ड्रायव्हर मिळतात, पण सोबत लागणारं सहीचं सॉफ्टवेअर बहुधा विंडोज गृहीत धरूनच केलेलं असतं. चार संगणकांच्या कार्यालयात तीन लिनक्सवर आणि एक विंडोजवर ठेवण्यात काही कमीपणा नाही.

त्या एका संगणकावर विंडोज १०च असेल, तर घरगुती वापरकर्त्यांसाठीची वाढीव सुरक्षा योजना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत चालते. तिची नोंदणी विंडोजच्या सेटिंगमधून करता येते. कार्यालयांसाठीची योजना वेगळी आणि पैशाची आहे. घरच्या लॅपटॉपवर जुन्या फॉन्टमधल्या फायली पडून असतील तर ही तारीख त्यांच्यासाठी धरावी. आधी एकाच फोल्डरचं रूपांतर करावं, शक्यतो ज्यात माणसांची नावं आणि पत्ते जास्त आहेत त्याचं, आणि मूळ फायली वेगळ्या डिस्कवर जशाच्या तशा ठेवाव्यात.